जिन गाळणाऱ्याच्या नावाचा द्वीपकल्प : बूथिया आणि आर्क्टिकमधली नावं

नकाशावेडी
परवा भाच्याबरोबर अ‍ॅटलास उघडून बसले होते. आमचा जुना खेळ, एकानं ठिकाण सांगायचं आणि दुसऱ्यानं बोट ठेवायचं. त्यानं विचारलं, "मावशी, उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीचं सगळ्यात उत्तरेकडचं टोक कुठलं?" मी बेधडक अलास्कातल्या पॉइंट बॅरोवर बोट ठेवलं. चुकलं! ते टोक कॅनडात निघालं. नुनावुतमध्ये बूथिया नावाचा द्वीपकल्प आहे, त्याच्या अगदी वरच्या अंगाला मर्चिसन प्रोमोंटरी हे भूशिर, आणि तिथला झेनिथ पॉइंट हे खरं उत्तर. जवळजवळ ७२ अंश उत्तर.

मग रात्री उशिरापर्यंत बूथियातच अडकले. क्षेत्रफळ सुमारे ३२,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या कोकण विभागापेक्षा जरासा मोठाच. आणि एवढ्या प्रदेशात गाव म्हणावं असं एकच, तालोयोआक, वस्ती हजाराच्या आसपास. पूर्वेला बूथियाचं आखात. उत्तरेला बेलो सामुद्रधुनी, ती ओलांडली की सॉमरसेट बेट. दक्षिणेला तळ्यांनी पोखरलेली चिंचोळी संयोगभूमी, तेवढीच काय ती खंडाशी जोडणारी नाळ.

माझे प्रश्न दोन. हे "बूथिया" आलं कुठून? आणि तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं या जागांना काय म्हणतात? इथे कुणी तिकडे जाऊन आलंय का?

भूगोलमास्तर
उत्तम विषय काढलात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सांगतो. फेलिक्स बूथ हा लंडनचा जिन गाळणारा मोठा व्यापारी. जॉन रॉस या नौदल अधिकाऱ्याला वायव्य मार्ग, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडून अटलांटिकमधून पॅसिफिकमध्ये जाणारी समुद्रवाट, शोधायला जायचे होते आणि सरकार पैसे देईना. बूथ त्याचा स्नेही, पण तोही आधी नाही म्हणाला. कारण हा मार्ग शोधणाऱ्याला ब्रिटिश संसदेने २०,००० पौंडांचे बक्षीस लावले होते. आपण बक्षिसावर डोळा ठेवून पैसा घातला असे लोक म्हणतील, ही त्याची अडचण. १८२८ मध्ये ते बक्षीस रद्द झाले आणि बूथने सुमारे १७,००० पौंड काढून दिले. १८२९ मध्ये रॉस 'व्हिक्टरी' जहाज घेऊन निघाला आणि जी नवी भूमी दिसली तिला नाव दिले 'बूथिया फेलिक्स'. लॅटिनमध्ये फेलिक्स म्हणजे सुखी, भाग्यवान. म्हणजे दात्याचे नाव आणि आडनाव दोन्ही साधले!

तेवढ्यावर थांबला नाही. बूथियाचे आखात, फेलिक्स हार्बर, किंग विल्यम बेटावरचे केप फेलिक्स. बूथ लंडनचा शेरीफ होता म्हणून शेरीफ हार्बर. १८३५ मध्ये बूथला सरदारकीही मिळाली.

चहाबाज
बूथ जिन म्हणजे तेच होय! बाटली पाहिली होती, द्वीपकल्प पहिल्यांदाच ऐकतोय. वाचनखूण साठवली.

अनुश्री_ठाणे
मला यात खटकण्यासारखं काही दिसत नाही. ज्यानं पैसा दिला त्याचं नाव लागतंच. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर, धर्मशाळेच्या कमानीवर, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" असतंच की. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, तरी देणाऱ्याला समाधान.

सह्यपावले
अनुश्रीताई, पायरी देणगीदाराच्या पैशातून घडवलेली असते हो. इथे जमीन आधीच होती, माणसं राहत होती, त्यांची नावं होती. महाबळेश्वरला पाहा ना, केट्स पॉइंट. मूळ नाव नाके खिंड. गव्हर्नर माल्कमच्या लेकीचं नाव लागलं आणि नाके खिंड किती जणांना ठाऊक राहिली? बूथ माणूस चांगला असेलही, पण त्यानं बूथिया कधी डोळ्यांनीसुद्धा पाहिलं नाही.

दर्यावर्दी
मी व्यापारी जहाजांवर चोवीस वर्षं काढली, त्यामुळे या रॉसबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

'व्हिक्टरी'ला वाफेचं इंजिन आणि दोन्ही बाजूंना वल्ह्यांची चाकं होती. बर्फात वाफेवरचं जहाज नेण्याचा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. इंजिननं वाटभर इतका छळ मांडला की शेवटी ते उपटून टाकून दिलं. बर्फात एक हिवाळा काढायचा म्हणून गेले आणि चार काढले! १८३२ मध्ये जहाज तिथेच सोडलं, होड्या आणि घसरगाड्या ओढत उत्तरेला सॉमरसेट बेटावरच्या फ्युरी बीचवर आले, कारण तिथं आधीच्या एका मोहिमेचा शिधा पडून होता. १८३३ च्या ऑगस्टमध्ये होड्यांतून भटकताना एक देवमाशांची शिकार करणारं जहाज दिसलं. नाव 'इझाबेला'. १८१८ मध्ये रॉस स्वतः ज्याचा कप्तान होता तेच जहाज! वरच्या खलाशानं सांगितलं, कॅप्टन रॉस तर दोन वर्षांपूर्वीच मेले. रॉस समोर उभा.

आता नावांचं. १८१८ च्याच सफरीत रॉसला लँकेस्टर साउंड या समुद्राच्या पट्ट्यात पुढे डोंगररांग दिसली. वाट बंद म्हणून तो परतला, आणि परतण्याआधी रांगेला नाव दिलं 'क्रोकर पर्वत', नौदल कचेरीतल्या बड्या सचिवाच्या नावानं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश नौदलाचाच पॅरी तिथून सरळ जहाज घेऊन पार गेला. डोंगर नव्हतेच. थंड हवेतलं मृगजळ होतं ते. उत्तरेत क्षितिजावरची वस्तू उचलली जाऊन भिंतीसारखी उभी दिसते, मी नॉर्वेच्या वरच्या अंगाला हे डोळ्यांनी पाहिलंय. शपथेवर किनारा म्हणाल. म्हणून रॉसला मी वेडा म्हणणार नाही. पण नसलेल्या डोंगराला साहेबाचं नाव द्यायची घाई त्याला आयुष्यभर भोवली. सरकारनं दुसऱ्यांदा पैसे दिले नाहीत ते त्यामुळेच, आणि म्हणून बूथच्या दारात जावं लागलं. डोंगर असते तर बूथिया हे नाव पडलंच नसतं!

नकाशावेडी
दर्यावर्दी, हे शेवटचं वाक्य भाच्याला वाचून दाखवलं. तो आता क्रोकर पर्वत अ‍ॅटलासमध्ये शोधतोय.

अलिबागचा_बंड्या
बूथिया म्हटल्यावर आमच्या अलिबागकरांचे कान टवकारतात, कारण सांगतो. उत्तर चुंबकीय ध्रुव माणसाला पहिल्यांदा सापडला तो बूथियाच्याच पश्चिम किनाऱ्यावर. १ जून १८३१, जॉन रॉसचा पुतण्या जेम्स क्लार्क रॉस. नमनसूची, म्हणजे उभ्या पातळीत फिरणारी चुंबकसूची, जवळजवळ पूर्ण सरळ खाली वळली, ८९ अंश ५९ मिनिटं. तिथं ना शिखर ना सुळका, नुसता सपाट गोठलेला किनारा. त्यांनी दगड रचले, झेंडा लावला आणि चुंबकीय ध्रुव राजा चौथा विल्यम याच्या नावानं ताब्यात घेतला! जागेचं नाव केप अ‍ॅडलेड, राणीच्या नावावरून.

पण ध्रुव कुणाच्या ताब्यात राहतोय? नॉर्वेचा शोधक अमुंडसेन १९०३ ते १९०५ मध्ये शेजारच्या किंग विल्यम बेटावर मुक्काम ठोकून मोजमापं घेत होता, तेव्हाच तो सरकल्याचं दिसलं. आता तर बूथिया सोडून, कॅनडाची बेटं ओलांडून, आर्क्टिक महासागरातून सायबेरियाच्या रोखानं निघालाय.

आणि त्याच वर्षांत आमच्याकडे काय चाललं होतं? मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेत होते. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यानं सूच्या बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला आली. चुंबकीय गुण नसलेला दगड निवडून इमारत बांधली. शाळेची सहल गेली होती तेव्हा आम्हाला किल्ल्या, कंपास, पट्ट्याचं बकल सगळं बाहेर ठेवायला लावलं होतं. माझ्या चड्डीला बकलशिवाय पट्टा म्हणजे एका हातानं चड्डी धरून अख्खी वेधशाळा पाहिली!

चहाबाज
बंड्याशेठ, पृथ्वीच्या चुंबकत्वासाठी एवढा त्याग कुणी केला नसेल.

यलोनाइफकर
धागा आज पाहिला. मी जाऊन आलोय, तालोयोआकला, दोनदा. इंधनाच्या टाक्यांच्या तपासणीचं काम होतं. सविस्तर लिहितो.

उत्तर कॅनडातल्या यलोनाइफ शहराहून छोटं विमान, वाटेत थांबत थांबत. धावपट्टी खडीची. उतरताना खाली नुसते राखाडी खडक, त्यांच्या खळग्यांत तळी, झाड म्हणून एक नाही. गावातली घरं खांबांवर, कारण खालची माती कायम गोठलेली. पाणी टँकरनं घराघरात येतं, वर्षाचं जड सामान उन्हाळ्याच्या शेवटी जहाजानं. जहाज आलं की शाळकरी पोरांसह सगळं गाव किनाऱ्यावर.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या जवळच्या जुन्या आराखड्यांवर गावाचं नाव 'स्पेन्स बे' छापलेलं होतं. १ जुलै १९९२ पासून ते अधिकृतपणे तालोयोआक आहे. अर्थ विचारला तर आमच्या बरोबरचे एक वयस्क शिकारी म्हणाले, उद्या दाखवतो. दुसऱ्या दिवशी चारचाकी मोटारसायकलवरून गावाबाहेर नेलं. एका उतारावर दगडांची अर्धगोल रचना, माझ्या मांडीपर्यंत उंच. दगडांवर नारिंगी आणि काळं दगडफूल इतकं जाड की नखानं खरवडलं तर निघेना. त्यांनी मला आत बसायला लावलं. गुडघे पोटाशी घेतले की बरोब्बर मावतो माणूस. दोन दगडांमध्ये बोटभर फट, आणि फटीतून दिसतो तो खालचा तळ्यांमधला चिंचोळा पट्टा. कॅरिबूंचा, म्हणजे तिकडच्या रेनडिअरांचा, कळप तिथूनच जाणार, दुसरी वाटच नाही. धनुष्यबाणाच्या काळात अगदी जवळ येऊ द्यावं लागायचं, म्हणून हा आडोसा. गावाच्या नावाचं मूळ रूप 'तालुर्जुआक', म्हणजे असा मोठा आडोसा. विदर्भात पाणवठ्यावर जे 'लपण' करतात ना, तेच. मी त्यांना मराठी शब्द सांगितला, त्यांनी दोनदा म्हणून पाहिला, "लपण, लपण".

त्या फटीतून पाहिल्यावर मला नाव समजलं. तोवर ते फक्त विमानाच्या तिकिटावरचं अक्षर होतं. म्हणून माझं मत सह्यपावलेंच्या बाजूनं. 'बूथिया' ऐकून लंडनमधल्या एका माणसाची माहिती मिळते. 'तालुर्जुआक' ऐकून पोटाची सोय कुठं होईल ते कळतं.

दोन वाक्यं आणखी. गावातली काही कुटुंबं मूळची तिथली नाहीत. १९३४ मध्ये केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीनं बॅफिन बेटालगतच्या केप डॉर्सेटहून माणसं हलवली, मग एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर नेत नेत १९४० च्या दशकाच्या शेवटी इथं आणली. त्या घरांत आजीआजोबांच्या गावचं नाव अजून निघतं. तेही गाव आता केप डॉर्सेट नाही, २०२० पासून किंगाइट झालंय.

मंदाकिनी_आजी
वाचताना मीच त्या दगडांत बसले आहे असं वाटलं. छान लिहिता हो. थंडीत खायला काय मिळालं?

यलोनाइफकर
आजी, आर्क्टिक चार नावाचा मासा, सामनसारखा, गोठलेला कच्चाच पातळ कापून. आणि बॅनक, म्हणजे आपल्या जाड भाकरीसारखी तव्यावरची रोटी. मी घरची लसणाची चटणी नेली होती, ती बॅनकबरोबर अर्ध्या तासात संपली.

सिंधुदुर्गी
शाळेत आपण "एस्किमो" शिकलो, बर्फाच्या घरात राहतात, कच्चं मांस खातात. आता सगळीकडे इन्युइट लिहितात. नक्की काय?

भूगोलमास्तर
मीही तीस वर्षे वर्गात एस्किमो असेच शिकवले, आता शिकवणार नाही. तो शब्द बाहेरच्यांनी दिलेला. कॅनडातले हे लोक स्वतःला इन्युइट म्हणतात, अर्थ 'माणसे'. बूथियाच्या परिसरातले नेत्सिलिंगमिउत. 'नात्सिक' म्हणजे सील, त्यावरून जागा नेत्सिलिक, आणि तिथले राहणारे ते नेत्सिलिंगमिउत. आपल्या 'सातारकर', 'पेणकर' सारखेच, जागेला प्रत्यय लावून माणूस.

सिंधुदुर्गी
मास्तर, खुलाशाबद्दल आभार.

वेदांग
उत्तर ध्रुवाचा विषय आणि लोकमान्य टिळकांचं नाव अजून कुणी काढलं नाही? आर्य मूळचे आर्क्टिकमधले हा सिद्धांत त्यांनी १९०३ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध केला. ऋग्वेदातली दीर्घ उषा म्हणजे ध्रुवाजवळची पहाट. म्हणजे अमुंडसेन बूथियाजवळ पोचला त्याच वर्षी! यलोनाइफकर, अशी पहाट पाहिलीत का?

यलोनाइफकर
तालोयोआक साडेएकोणसत्तर अंशांवर आहे. तिथं नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, पण दुपारी दक्षिणेला तांबूस उजेड येतो आणि मावळतो. मी जानेवारीत होतो. आठवडाभर रोज तो पट्टा थोडा रुंद होत गेला. सूर्याची कड दिसली त्या दिवशी टाकीवर काम करणारे सगळे हात थांबवून उभे राहिले.

भूगोलमास्तर
वेदांग, ध्रुवाजवळच्या दीर्घ पहाटेचे टिळकांनी केलेले खगोलीय वर्णन बरोबर आहे. त्यावरून काढलेला आर्यांच्या मूळ स्थानाचा निष्कर्ष आजचे अभ्यासक मानत नाहीत. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.

दर्यावर्दी
बेलो सामुद्रधुनीबद्दल राहिलं. लांबी साधारण २५ किलोमीटर, अरुंद जागी दोन किलोमीटरसुद्धा नाही, आणि भरती-ओहोटीचा प्रवाह आठ नॉटपर्यंत. त्यात बर्फाचे तुकडे. १८५८ मध्ये मॅक्लिंटॉक या ब्रिटिश कप्तानानं पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, पश्चिमेच्या तोंडाशी बर्फानं वाट अडवली ती अडवलीच. नाव जोसेफ रेने बेलो या फ्रेंच नौदलातल्या तरुणाचं. वायव्य मार्ग शोधायला गेलेल्या फ्रँकलिनच्या हरवलेल्या माणसांना शोधायला तो ब्रिटिश मोहिमेत आपणहून सामील झाला. १८५२ मध्ये त्यानं आणि मोहिमेचा प्रमुख केनेडी यानं ही सामुद्रधुनी शोधली, १८५३ मध्ये तो बर्फाच्या भेगेत पडून गेला. बूथियाच्या नावावर वाद घाला, पण बेलोचं नाव पुसा असं मी म्हणणार नाही. तो तिथं चालला होता.

सह्यपावले
दर्यावर्दी, हे पटलं. पायानं तुडवलेल्या जमिनीवर नाव असायला माझी हरकत नाही.

पण फ्रँकलिनचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. जेम्स रॉसनं १८३० मध्ये किंग विल्यम हे बेट आहे हे ओळखलं नाही, नकाशावर ते बूथियाला जोडून 'किंग विल्यम लँड' झालं. मधली सामुद्रधुनी नकाशावर बंद! १८४५ मध्ये फ्रँकलिन निघाला आणि बेटाच्या पश्चिम अंगाच्या बर्फात अडकला, त्याच्यासकट १२९ माणसांपैकी एकही परत आला नाही. ते बेट आहे हे १८५४ मध्ये जॉन रे या शोधकाला कळलं. नंतर अमुंडसेन पूर्वेच्या अंगानं गेला आणि सुखरूप पार झाला.

आणि उत्तर तिथल्या लोकांकडे होतं! जॉन रॉसच्या जहाजावर इक्मालिक नावाच्या इन्युइट माणसानं किनाऱ्याचा नकाशा काढून दिला होता, आखात दक्षिणेला बंद आहे हे त्यानंच सांगितलं. फ्रँकलिनचं 'एरेबस' जहाज २०१४ मध्ये सापडलं तेही इन्युइट तोंडी आठवणींनी सांगितलेल्या भागातच, आणि २०१६ मध्ये त्याचं दुसरं जहाज 'टेरर' सापडलं ते सॅमी कोग्विक या इन्युइट शिकाऱ्यानं दाखवल्यावर. किंग विल्यम बेटावरच्या जोआ हेवन गावचे लुई कामूकाक यांनी आयुष्यभर म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून जागांची नावं आणि गोष्टी गोळा केल्या. २०१८ मध्ये ते गेले. जुनं नाव हरवतं तेव्हा त्याच्याबरोबर असा पत्ता हरवतो, म्हणून माझा जीव तुटतो.

अनुश्री_ठाणे
सह्यपावले, माझं मत बदललं असं नाही म्हणणार, पण पंख्याचं उदाहरण मागे घेते.

लिपीप्रेमी
एक गंमत. तालोयोआकला जी लिपी वापरतात तिचा आपल्याशी दूरचा संबंध आहे. जेम्स इव्हान्स या मिशनऱ्यानं १८४० च्या सुमारास क्री या कॅनडातल्या आदिवासी भाषेसाठी ती बनवली, पुढे ती इन्युइटांकडे आली. अभ्यासक म्हणतात की रचनेवर देवनागरीचा आणि लघुलिपीचा प्रभाव आहे. एका व्यंजनाला एक आकृती, आणि स्वर बदलला की आकृतीची दिशा बदलते. एक साधा कोन. टोक वर केलं की 'पि', उजवीकडे केलं की 'पु', डावीकडे 'पा'. आपण काना-मात्रा जोडतो, ते अक्षरच वळवतात.

चहाबाज
हा धागा कुठून कुठे गेला! जिन, बकल, लसणाची चटणी, बाराखडी.

नकाशावेडी
सगळ्यांचे मनापासून आभार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यलोनाइफकरांनी दिलंच, मी थोडी भर घालते. आता माहिती शोधायची सवय लागलीये. इनुक्टिटुटमध्ये, म्हणजे इन्युइटांच्या भाषेत, बूथियाला 'किंगाइलाप नुनांगा' म्हणतात असं सापडलं. त्यातलं 'नुना' म्हणजे जमीन, नुनावुत म्हणजे 'आमची जमीन', तोच शब्द. पेली बे हे गाव १९९९ पासून कुगारुक झालं, अर्थ छोटा ओढा. जोआ हेवनला तिथले लोक उक्सुक्तूक म्हणतात, जिथं चरबी भरपूर मिळते ती जागा. आणि इन्युइट हेरिटेज ट्रस्ट अशी जुनी नावं जमवून नकाशे काढतोय.

भाच्यानं अ‍ॅटलासमध्ये बूथियावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय : "तालुर्जुआक = मोठं लपण". बूथिया खोडलं नाही, शेजारी लिहिलं. यलोनाइफकर, तो विचारतोय की दगडांच्या फटीतून बघताना वारा कुठल्या बाजूनं येत होता? कॅरिबूला माणसाचा वास लागणार नाही का?

यलोनाइफकर
त्याला शाबास म्हणा! मी हाच प्रश्न विचारला नव्हता, त्या शिकाऱ्यांनी आपणहून दाखवलं. त्यांनी चिमूटभर सुकं शेवाळ हवेत सोडलं, ते आमच्या तोंडावर आलं. वारा कळपाकडून आपल्याकडे. वारा फिरला तर? म्हणून त्याच उतारावर पलीकडे तोंड करून दुसरी रचना होती, पन्नासेक पावलांवर. फोटो शोधून टाकतो.